तुमचं पहिलं पाककृतींचं पुस्तक कोणतं? आणि पुस्तक न उघडता काय करता?

तूपमीठभात:
नमस्कार मंडळी, विषय जुनाच आहे पण यावर नीट असा धागा सापडला नाही म्हणून काढतेय, आधी असेल तर लिंक द्या, हा उडवून टाकू.

प्रश्न दोन आहेत. तुमचं पाककृतींचं पहिलं पुस्तक कोणतं, म्हणजे स्वतः विकत घेतलेलं, आईने हातात कोंबलेलं, लग्नात आहेरात आलेलं, कसंही. आणि दुसरा, ऑफिसातून आठ-साडेआठला घरी आल्यावर, कोणी येणार नसताना आणि फोटोबिटो काढायचा नसताना तुम्ही जे करून खाता, ते त्या पुस्तकात आहे का?

माझं आधी सांगते. रुचिरा. हसू नका, निम्म्या लोकांचं तेच असणार आहे. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं, माझ्याकडची प्रत आईची आहे, कणा केव्हाच सुटलाय आणि रबरबँड लावून ठेवावं लागतं. तर झालं असं की परवा सहज चाळताना लक्षात आलं, तेलाचे डाग, पिठाची बोटं, पेनाने लिहिलेलं "मोहन कमी घालणे" हे सगळं चकली, अनारसे, चिरोटे असल्या पानांवर आहे. म्हणजे वर्षातून एकदा लागणाऱ्या. जे रोज होतं त्याची पानं एकदम कोरी करकरीत, कोणी कधी उघडलीच नाहीत. घरात सगळ्यात जास्त वेळा शिजलेला पदार्थ पुस्तकातल्या सगळ्यात स्वच्छ पानावर.

माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आयडीतच आहे. गुरगुट्या भात, तांदळाच्या पाच-सहा पट पाणी, कुकर नाही तर पातेल्यात, मधूनमधून डावाने घोटत. वर तूप, मीठ, मेतकूट. लिंबाचं लोणचं असेल तर त्याचा फक्त खार, फोड नाही. सध्या नवा आंबेमोहोर मिळतोय, त्याचा तर विचारूच नका, नवा तांदूळ मुळात चिकट होतो म्हणून मोकळ्या भातासाठी लोक त्याला नावं ठेवतात पण या कामाला तोच पाहिजे.

हिंगाची_डबी:
+१ रुचिरा.

पण ताई रुचिराची खरी करामत तुम्ही सांगितलीच नाही. वाटी आणि चमचा! आधीची पुस्तकं वजनात बोलायची आणि घरात तराजू असतो कोणाकडे? कमलाबाईंनी सगळं वाटी-चमच्यात बसवलं. लग्न करून लांब गेलेल्या, नवऱ्याच्या बदलीने कुठेतरी जाऊन पडलेल्या, ज्यांच्या मागे उभं राहून "आता बास, गॅस बंद कर" म्हणणारं कोणी नव्हतं अशा बायकांना या पुस्तकाने उभं केलं, त्यांना लाख सुनांची सासू म्हणायचे ते उगाच नाही.

फक्त एक ग्यानबाची मेख आहे ती नव्याने शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवा. वाटी कुठलीही चालते कारण पीठ, पाणी, साखर सगळं त्याच वाटीने मोजता, प्रमाण तेच राहतं. चमचा मात्र वाटीबरोबर वाढत नाही. तुमची वाटी आमटीची मोठी असेल तर लिहिलेल्या चमच्यांत मीठ-तिखट कमीच पडणार. मग पुस्तकाला नावं ठेवू नका.

नवशिका_बाप्या:
माझं पहिलं पुस्तक म्हणजे यूट्यूब, मोजत असाल तर धरा.

नाहीतर मग आईची वही. लाल बाइंडिंगची, मागच्या बाजूने दुधाचा हिशोब आणि पुढच्या बाजूने रेसिप्या. मी बाहेरगावी राहायला आलो तेव्हा तिचे सगळे फोटो काढून आणले आणि पहिल्याच दिवशी फसलो कारण त्यात असं लिहिलंय, "कणीक नेहमीप्रमाणे भिजवावी. वरण नेहमीप्रमाणे लावावे. फोडणी नेहमीची. मग चिंच-गूळ अंदाजाने." अरे नेहमीप्रमाणे म्हणजे कशी??? मला नेहमीचंच तर येत नाही, म्हणून वही उघडलीय! फोन केला तर म्हणे, "अरे हाताला कळतं." माझ्या हाताला फक्त माऊस कळतो.

कॉम्फर्ट फूड विचाराल तर वरणफळं. आई चकोल्या म्हणते.

बोरूबहाद्दर:
बाप्या, तुझ्या आईची वही फार थोर परंपरेतली आहे, तिला नावं ठेवू नकोस :)

आज माहीत असलेल्या सगळ्यात जुन्या लिखित पाककृती मातीच्या विटांवर आहेत, बॅबिलोनियातल्या, सुमारे ३७०० वर्षांपूर्वीच्या, सध्या अमेरिकेत येल विद्यापीठात. बहुतेक सगळे रस्से. मांस, पाणी, चरबी, कांदा, लसूण असं सांगत जातात आणि किती घालायचं, किती वेळ शिजवायचं याचा बहुतेक ठिकाणी पत्ता नाही. वाचणारा स्वयंपाकी आहे, त्याला ठाऊक आहे, हे धरूनच लिहिलंय. म्हणजे "नेहमीप्रमाणे" हा शब्द तेवढा जुना.

आपल्याकडे या, तर चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा मानसोल्लास, साधारण ११२९ सालचा, संस्कृत. त्यात अन्नभोग म्हणून प्रकरण आहे आणि पुऱ्या, वडे, मांडे, इड्डरिका म्हणजे उडदाच्या इडलीची पूर्वज, असं सगळं येतं. भाजलेले उंदीर पण आहेत, जेवत असाल तर सॉरी. पुढे १७ व्या शतकात रघुनाथ नवहस्तांचं भोजनकुतूहल, तेही संस्कृतच. छापील मराठीत आपण येतो ते १८७५ ला, रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं सूपशास्त्र. आणि मग १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचं गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया. नावात हजार आहेत ते खरंच हजारच्या हिशोबातले, पाठारे प्रभूंच्या घरातलं मासे-मटणही त्यात आहे.

हे सगळं वाचताना धागाकर्तीचा प्रश्न डोक्यात ठेवून बघा. सोमेश्वराच्या पंगतीत काय वाढलं हे कळतं. पंगत उठल्यावर भांडी घासणाऱ्याने काय खाल्लं ते कुठेच नाही. रोजचं जेवण लिहिलेलं सापडतं ते परक्या माणसाकडे, कारण त्याला ते नवीन असतं. १४ व्या शतकात इब्न बतूता इथे आला, त्याने लिहून ठेवलंय की मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून वर तूप घालून लोक खातात, त्याला किशरी म्हणतात आणि रोज सकाळी हाच नाश्ता. आपल्या कुठल्या पंडिताला हे लिहावंसं वाटलं असतं का? खिचडी काय लिहायची!

नवशिका_बाप्या:
काका भारी. पण जुन्या पुस्तकात मापं कशी असायची? माझ्याकडे आजीच्या कपाटातलं एक फाटकं पुस्तक आहे, मुखपृष्ठ नाही, त्यात "तांदूळ एक चिपटे, वेलदोडे एक मासा" असं लिहिलंय. मासा??

बोरूबहाद्दर:
मासा म्हणजे मासळी नव्हे रे. १२ मासे = १ तोळा, आणि जुना तोळा म्हणजे साधारण ११.६६ ग्रॅम, हा शब्द सोनाराकडे अजून ऐकतोस. म्हणजे तुझे वेलदोडे एक ग्रॅमच्या आसपास.

चिपटं हे भरून मोजायचं माप, वजन नव्हे. दोन कोळवी = एक चिपटं, दोन चिपटी = एक मापटं, दोन मापटी = एक शेर, चार शेर = एक पायली. आणि इथेच नवा माणूस आपटतो, कारण शेर दोन होते. तांदूळ-डाळ मापायचा शेर वेगळा आणि तूप-गूळ तोलायचा शेर वेगळा, तो ८० तोळ्यांचा म्हणजे ९३३ ग्रॅमच्या आसपास. एकाच पाककृतीत दोन्ही येतात. शिवाय मापायचा शेर गावोगाव थोडा वेगळा. त्यामुळे आजीच्या पुस्तकातलं करायचं असेल तर ग्रॅमच्या मागे न लागता तांदूळ आणि पाणी एकाच भांड्याने घे, मसाला तोळ्यात काढ, आणि चव बघ.

दशमान वजनमापांचा कायदा १९५६ चा, बाजारात किलो रुळायला पुढची काही वर्षं गेली. म्हणजे १९७० ला रुचिरा आलं तेव्हा सासूचा हात शेरात चालायचा आणि सून किलोत शिकलेली. वाटी दोघींनाही कळायची. माझ्या मते पुस्तक चालण्यामागे हेही कारण असणार, पण हे आपलं माझं मत.

हिंगाची_डबी:
आणि वस्तूंच्या आकाराची मापं विसरलात काका. सुपारीएवढी चिंच, लिंबाएवढा गूळ, नखभर हिंग. आमच्या घरी अजून तेच चालतं. सुपारी घरात कोणी खात नाही पण चिंच मात्र सुपारीएवढीच.

बोरूबहाद्दर:
ती सगळीकडे होती. अमेरिकेतसुद्धा "अंड्याएवढं लोणी" असंच लिहायचे, १८९६ साली फॅनी फार्मर या बाईंनी बोस्टनच्या स्वयंपाकशाळेचं पुस्तक काढलं आणि सपाट भरलेला कप, सपाट चमचा याचा आग्रह धरला, तेव्हापासून तिकडे मोजमाप रुळलं.

जुना_मेंबर:
वाचतोय, छान चाललंय. पण मूळ मुद्दाच पटला नाही. पुस्तकात वरण-भात, पिठलं कशाला पाहिजे? जे घरात बघून येतं ते छापून पानं कशाला वाया घालवायची? पुस्तक विकत घेणारा माणूस अनारशाच्या पिठासाठीच घेणार. उद्या म्हणाल व्याकरणाच्या पुस्तकात "आई" हा शब्द कसा उच्चारायचा ते पण द्या.

नवशिका_बाप्या:
"घरात बघून येतं" हे ज्यांना स्वयंपाकघरात उभं केलं त्यांच्यासाठी. आम्हाला "तू बाहेर जाऊन बस" म्हणून हाकललं होतं काका.

मराठवाडी_मुलगी:
@जुना_मेंबर, कोणाच्या घरात बघून येतं ते पण बघा ना. तुम्ही वरण-भात म्हणालात म्हणजे तुमच्या घरचं रोजचं ते. आमच्या घरी रोज भात नव्हताच, भात सणाला. रोजची ज्वारीची भाकरी, कोरड्यास, पावसाळ्यात सर्दीखोकला झाला की हुलग्याचं (कुळथाचं) माडगं. हे मी शाळेत असताना कुठल्याच पुस्तकात बघितलं नाही. माझं पहिलं पुस्तक एका चुलत बहिणीने दिलेलं, नाव नाही सांगत, त्यात "महाराष्ट्रीय जेवण" म्हणून जे होतं त्यातलं निम्मं आम्ही लग्नातसुद्धा खाल्लं नव्हतं. गोडा मसाला म्हणजे काय हे मला मुंबईत आल्यावर कळलं, आमच्याकडे येसूर.

म्हणून मला विचाराल तर पहिलं पुस्तक, जे माझं वाटलं ते, शाहू पाटोळ्यांचं "अन्न हे अपूर्णब्रह्म", २०१५ चं. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाच्या जेवणावर आहे, काय खायचे, का खायचे, कोणी काय खाऊ दिलं नाही, आणि सोबत कृती. २०२४ ला इंग्रजीतही आलं. ते वाचल्यावर कळतं की रोजचं जेवण "सगळ्यांना माहीतच असतं" म्हणून गाळलं असं नाही, कोणाचं रोजचं हा प्रश्न आहे. लिहिणारे ज्या घरातले, त्या घरातलं छापलं गेलं.

माझं कॉम्फर्ट फूड शेंगोळे. कृती पुढच्या पोस्टमध्ये टाकते, मोबाईलवरून टाइप करतेय.

जुना_मेंबर:
हा मुद्दा मान्य. वरण-भात हे मी सहज बोलून गेलो, पण सहज तेच आलं हेही खरं. तरी अनारशावरचं माझं मत कायम आहे.

मराठवाडी_मुलगी:
घ्या. दोन वाट्या हुलग्याचं पीठ, अर्धी वाटी ज्वारीचं पीठ (कणीक पण चालते, मग जरा चिवट होतात). लसूण आठ-दहा पाकळ्या, जिरं, हिरवी मिरची हे वाटून निम्मं पिठात, हळद, मीठ, आणि घट्ट मळायचं, भाकरीपेक्षा घट्ट. हाताला तेलाचं बोट लावून बोटाएवढ्या जाड वळ्या करायच्या आणि टोकं जोडून कडं. उरलेलं वाटण तेलात फोडणीला, तिखट, आणि भरपूर पाणी. पाणी खळखळ उकळल्याशिवाय शेंगोळे सोडायचे नाहीत, आणि सोडल्यावर पाच मिनिटं डाव लावायचा नाही, लावला की पिठलं होतं. वीस-पंचवीस मिनिटं बारीक गॅसवर. ताटलीत थोडं पीठ पाण्यात कालवून वरून सोडलं की रस्सा दाट होतो.

शिजलेत का कसं बघायचं, तर एक शेंगोळा मोडून बघा, मधे कोरड्या पिठाचा पांढरट ठिपका दिसला तर अजून ठेवा. खाताना रस्सा जास्त पाहिजे, वरून कच्चं तेल. फोटो काढून इन्स्टावर टाकण्यासारखं काही दिसत नाही हे आधीच सांगते, राखाडी रंग आहे.

वऱ्हाडी_ठेचा:
शेंगोळे 😍 हे वाचूनच उठलो.

आमच्या इकडलं उकडपेंडी घ्या ना राजेहो. कणीक जाडसर असेल तर बेस्ट, तेल हात सैल सोडून, मोहरी, कांदा, मिरची, कढीपत्ता, त्यात कणीक खमंग होईपर्यंत भाजायची. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळं तिच्यावरच आहे. रंग बदलून घरभर वास सुटला की मीठ घातलेलं ताक-पाणी शिंपडत हलवायचं आणि झाकण. भुरभुरीत व्हायला पाहिजे, लगदा नाही. वरून कच्चा कांदा. मले तर सकाळ, दुपार, रात्र कधीही चालते. पुस्तक? माझ्याकडे पुस्तक नाही, मायच्या शेजारी पाटा धुवायला बसायचो, तेवढंच शिक्षण.

आणि गोळाभात. भरड्याचे (जाडसर दळलेल्या हरभराडाळीचे) गोळे भातात वाफवायचे, वाढताना कुस्करून वर हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी, चर्र आवाज आलाच पाहिजे.

रात्रपाळी:
हॉस्पिटलात नाईट असते. पहाटे घरी आल्यावर माणसाला ना धड नाश्ता पाहिजे असतो ना जेवण. फोडणीची पोळी. शिळ्या पोळ्या हाताने कुस्करून (मिक्सरमध्ये नाही, पीठ होतं), कांदा, शेंगदाणे, चिमूटभर साखर, पाण्याचा हबका, झाकण. किंवा फोडणीचा भात. ताज्या भाताला ती मजाच नाही, शिळा भात गार होऊन शीत घट्ट होतं म्हणून परतताना मोडत नाही.

पुस्तकांचं म्हणाल तर दुर्गाबाई भागवतांचं खमंग मी स्वयंपाकासाठी नाही तर झोप येत नसेल तेव्हा वाचते. एवढी विद्वान बाई चुलीपुढे तेवढ्याच आवडीने उभी राहते हे वाचायला बरं वाटतं.

कोकमसाल:
शिळ्या भाताबद्दल एक सांगू का, म्हणजे घाबरवत नाही पण. रात्रीचा भात ओट्यावर तसाच ठेवून सकाळी फोडणी देऊ नका, विशेषतः उन्हाळ्यात. भातात एक जिवाणू असतो, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात उबेला राहिला की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष परत गरम केलं तरी जात नाही. जेवण झाल्यावर दोनेक तासांच्या आत पसरट डब्यात फ्रीजमध्ये, बस. शीत पण त्याने अजून छान घट्ट होतं. आजी पाणी घालून ठेवायची, आंबवायची, तो वेगळा प्रकार.

बाकी मी पेजेवाली. उकड्या तांदळाची पेज, खोबऱ्याची कातळी, सुकं लोणचं, उन्हाळ्यात दहा वाजता. पहिलं पुस्तक रसचंद्रिका, सारस्वतांकडे लग्नात यायचंच.

नवशिका_बाप्या:
मंडळी आता दोन शंका, धागा वर काढल्याबद्दल माफी. एक, माझी तूरडाळ कुकरला पाच शिट्ट्या देऊनही कचकच लागते. आईकडे तीन शिट्ट्यांत मेण होते. दोन, तांदळाची उकड करायची आहे (व्हिडिओ बघून तोंडाला पाणी सुटलं), पण गुठळ्यांची भीती वाटते.

कोकमसाल:
डाळ शिजवताना तू टोमॅटो किंवा कोकम आधीच घालतोस का? आंबट पाण्यात डाळ मऊ व्हायला फार वेळ लागतो, आंबट नेहमी डाळ शिजून घोटल्यावर. दुसरं, तुझ्या भाड्याच्या घरी पाणी बोअरचं आहे का? जड पाण्यातल्या क्षारांनी डाळ घट्ट राहते, पिण्याच्या फिल्टरचं पाणी घालून बघ. तिसरं, डाळ जुनी. वर्षभर डब्यात पडलेली तूरडाळ कितीही शिजवली तरी हट्टी राहते. अर्धा तास कोमट पाण्यात भिजव, कुकरमध्ये हळद-हिंग आणि थेंबभर तेल घाल, तेलाने फेस कमी येतो आणि शिट्टीतून पिवळं पाणी उडत नाही. मीठ कधी घालायचं यावर घराघरात भांडणं आहेत, मी नंतर घालते, आधी घातल्याने काही बिघडतं असं मात्र नाही.

नवशिका_बाप्या:
बोअरचं पाणी + टोमॅटो आधी. दोन्ही. आईकडे नळाचं पाणी आहे. पाच वर्षं मी कुकरला शिव्या देत होतो.

हिंगाची_डबी:
उकडीचं मी सांगते. एक वाटी तांदळाची पिठी, एक वाटी आंबट ताक, तीन वाट्या पाणी. पिठी थेट उकळत्या पाण्यात टाकायची नाही, तिथेच गुठळ्या होतात. पिठी आधी गार ताकात कालव, हाताने, बोटांनी गुठळी फोडता येते, रवीने नाही. मग कढईत तेल, मोहरी, हिंग, हळद, भरपूर लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता, आलं. लसूण तांबूस झाला की पाणी, मीठ. पाण्याला उकळी फुटली की गॅस बारीक करून कालवलेलं एका हाताने बारीक धारेने सोड आणि दुसऱ्या हाताने सतत हलव. इथे फोन वाजला तर वाजू दे. दोन-तीन मिनिटांत आळायला लागते, कढई सोडते तशी चमक येते, मग झाकण ठेवून दोन वाफा. कच्ची राहिली तर जिभेला पिठूळ लागते, तोंडात चिकटते. खाताना वर कच्चं तेल नाहीतर तूप, मी तेलवाली.

तूपमीठभात:
उकडीला तूपवाली इथे एक. आणि ताक आंबटच पाहिजे, गोड्या ताकाची उकड म्हणजे पोटीस.

जुना_मेंबर:
तेल. कच्चं शेंगदाणा तेल. यावर चर्चा नाही.

वऱ्हाडी_ठेचा:
घ्या, आता पेटला धागा. जवसाचं तेल घालून बघा एकदा, मग बोला.

नवशिका_बाप्या:
केली!! गुठळ्या नाहीत. पाणी जरा जास्त झालं, वाटीने मोजलं पण ताकाला वेगळी वाटी घेतली (डबीताई, वरचं वाचूनही). पातळ झाली म्हणून डावाने प्यायलो. लसूण जळाला होता थोडा, तरी चांगली लागली. रूममेटने विचारलं हे काय आहे, त्याला वाढली, तो दोनदा घेऊन गेला.

आता आईची वही उघडून त्यात पेनाने मापं लिहितोय, तिला फोनवर विचारून विचारून. कणीक तीन वाट्या, पाणी एक वाटी आणि वर थोडं लागेल तसं, असं तिने सांगितलं. "लागेल तसं" म्हणजे किती यावर सध्या आमचं भांडण चालू आहे.

हिंगाची_डबी:
कणीक कुठली आहे त्यावर आहे ते. चक्कीवरची जाड असेल तर थोड्या वेळाने पाणी शोषते, म्हणून सुरुवातीला सैलसर भिजवून वीस मिनिटं झाकून ठेव, मग परत मळ. आणि आईशी भांडू नकोस, व्हिडिओ कॉल लावून तिला कणीक मळायला सांग आणि पाण्याचं भांडं आधी-नंतर मोज.

नवशिका_बाप्या:
रविवारी लावतो कॉल. मेतकुटाचं पण विचारून घेतो, हरभराडाळ, तांदूळ, उडीद, गहू वेगवेगळे भाजायचे इथपर्यंत ती सांगते, त्यापुढे "मग नेहमीचं".